शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

जुन्या पनवेलमध्ये माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाच्या, भातगिरणीच्या, पिठाच्या गिरणीच्या, वाडीच्या नळपाणी योजनेच्या जळलेल्या मोटरी इथे येतात. त्यातला मोठा वाटा गाढी नदीच्या वरच्या अंगाचा असतो: नेरे, वाजे, मोरबे, मालडुंगे, धोदाणी आणि माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या. काही मोटरी खाडीकडच्या न्हावा-गव्हाण पट्ट्यातून येतात. मोटर भरून दिली, पैसे घेतले, एवढ्यावर माझं कधी भागलं नाही. तीच मोटर वर्षाच्या आत पुन्हा दारात आली की जीवाला लागतं. म्हणून मी गिऱ्हाइकाबरोबर गावात जाऊ लागलो. मीटरपासून निघून खांबाखांबाने डीपीपर्यंत, म्हणजे रोहित्रापर्यंत, चालायचं आणि बघायचं, अशी सवय पडली.

पनवेलला 2016 मध्ये महापालिका झाली, 2025 मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याच तालुक्यात, तासाभराच्या वाटेवर, संध्याकाळी सात वाजता पंख्याची पाती मोजता येतात. हे मला कधीच मुकाट्याने मान्य झालं नाही. या चालण्यातून जे शिकलो ते इथे मांडतोय. पुस्तकात यातलं पुष्कळ आहे, पण ज्याच्या घरी व्होल्टेज पडतं त्याच्या हाती ते पुस्तक पोचत नाही.

1. जळलेली कॉइल आधी वाचायची, मग कापायची

मोटर उघडली की वास येतो आणि घाईने जुनी तार तोडायला हात जातो. तिथेच थांबावं. कॉइल कशी जळली आहे त्यावरून लाईनीचं दुखणं कळतं.

तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळवंडल्या असतील तर मोटरीवर भार जास्त पडला आहे किंवा व्होल्टेज कमी मिळालं आहे. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेज जळाले आणि तिसरा कोरा करकरीत राहिला तर एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली, हे नक्की. डेल्टा जोडणीत नेमकं उलट, एकच फेज जळतो. एखाद्याच ठिकाणी टाचणीएवढं भोक आणि आजूबाजूची तार शाबूत असेल तर वीज कडाडली असेल किंवा लाईनीवर झटका आला असेल.

वाड्यांमधून येणाऱ्या सिंगल फेज मोटरींचा एक नमुना मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे: रनिंग वाइंडिंग ठीक, स्टार्टिंग वाइंडिंगचा कोळसा. स्टार्टिंग वाइंडिंग काही क्षणांसाठीच असतं. मोटरीने वेग घेतला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच ते तोडतो. व्होल्टेज पडलेलं असेल तर मोटर तो वेगच गाठत नाही, स्विच सुटत नाही, आणि क्षणभरासाठी केलेली तार मिनिटा-मिनिटाने भाजत राहते. शेतकरी म्हणतो, “मोटर हुंकारत होती, पाणी येत नव्हतं, मग वास आला.” या एका वाक्यात सगळं निदान आहे.

मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज साधारण 22 टक्क्यांनी पडलं, पण जोर राहिला फक्त 60 टक्क्यांच्या आसपास. पाणी तर तेवढ्याच खोलीवरून तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. मग मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. वाइंडिंगचं इन्सुलेशन दर 10 अंश जादा तापमानाला आयुष्य निम्म्याने गमावतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे आणि तो खरा ठरतो.

2. दिवा लख्ख आहे म्हणून व्होल्टेज चांगलं आहे असं समजू नका

पिवळ्या बल्बच्या काळात घरातली आजीसुद्धा व्होल्टेज सांगायची. “आज लाईट डिम आहे,” म्हणायची. 180 व्होल्टवर त्या बल्बचा उजेड निम्म्याहूनही खाली यायचा, त्यामुळे लपवाछपवी नव्हती. 2015 नंतर उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी गेले. वीज वाचली, बिल कमी झालं, फार चांगलं झालं. पण चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट 150 व्होल्टवरही तेवढाच उजेड देतं. मोबाईलचा चार्जर, टीव्ही यांचंही तसंच. त्यामुळे व्होल्टेज पडल्याची खबर देणारं घरात आता फारसं कोणी उरलं नाही. ती खबर थेट फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि पंपाची मोटर देतात, जळून.

आणखी एक गोष्ट. जुना बल्ब व्होल्टेज पडलं की करंटही कमी घ्यायचा, म्हणजे लाईनीवरचा भार आपोआप हलका व्हायचा. आजची बरीच उपकरणं ठरलेले वॉट घेतातच. व्होल्टेज कमी झालं तर ती तेवढा जास्त करंट ओढतात, तारेतली घट वाढते, व्होल्टेज आणखी खाली जातं. इन्व्हर्टर एसी हे याचं मोठं उदाहरण. नेरे-वाजे बाजूला गेल्या काही वर्षांत फार्महाऊस खूप झाली आहेत. शनिवारी रात्री तिथले एसी चालू झाले की त्याच डीपीवरच्या वाडीत काय होतं, ते रविवारी सकाळी माझ्या दुकानात कळतं. फार्महाऊसवाल्यांचा यात गुन्हा नाही, ते बिल भरतात. डीपीची क्षमता ठरवताना शनिवारची रात्र कोणी धरली नाही, हा प्रश्न आहे.

3. रिकाम्या लाईनीवर मोजलेलं व्होल्टेज कामाचं नाही

दुपारी दोन वाजता मल्टीमीटर लावला, 232 दाखवलं, म्हणून लाईन चांगली असं होत नाही. भार नसताना गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि घरात इस्त्री किंवा पाण्याचा हीटर लावून. हीटर लावण्याआधी किती आणि लावल्यावर किती, हे दोन आकडे लिहायचे. एका हीटरने 15-20 व्होल्ट खाली आले तर दोष बहुधा जवळपासच आहे: मीटरमध्ये, सर्व्हिस वायरच्या जोडात किंवा खांबावरच्या जंपात (दोन तारा जोडणाऱ्या तुकड्यात). हीटर लावून फारसा फरक पडत नाही, पण मुळातच 195 आहे, तर दुखणं लांब आहे, मोठ्या लाईनीत किंवा डीपीवर. एवढ्या साध्या परीक्षेने मी कितीतरी घरांचा नवीन वायरिंगचा खर्च वाचवला आहे.

लक्षात ठेवायचे आकडे दोनच: 216 आणि 244. घरगुती 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 6 टक्के वर-खाली चालतं, नियमात तसं आहे. त्याबाहेर गेलं की तक्रार करण्याचा आपला हक्क सुरू होतो.

4. अंतर हे मूळ दुखणं आहे

कोणी काहीही सांगो, डोंगरपायथ्याच्या वाडीत व्होल्टेज पडण्याचं पहिलं कारण म्हणजे डीपी लांब आहे आणि तार बारीक आहे. हा हिशेब मी दुकानातल्या पोरांना कागदावर करून दाखवतो, तुम्हालाही दाखवतो.

आपल्याकडे लघुदाबाच्या लाईनीवर ज्या ॲल्युमिनियमच्या तारा असतात त्यांना प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. जनावर मोठं तशी तार जाड. वीझल तारेचा एका किलोमीटरचा रोध 0.91 ओहम, स्क्विरलचा 1.39, रॅबिटचा 0.54. आता समजा डीपीपासून वाडी 800 मीटर आहे आणि संध्याकाळी सगळी वाडी मिळून 20 अँपियर घेते. एक पंप, चार-पाच फ्रीज, टीव्ही, पंखे, एवढ्यात 20 अँपियर होतात. करंट फेजच्या तारेने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणजे तार दोनदा मोजायची. वीझल असेल तर 0.91 गुणिले 0.8 गुणिले 2 गुणिले 20, म्हणजे 29 व्होल्ट वाटेतच गेले. डीपीवर 235 असेल तर वाडीत 206. स्क्विरल असेल तर 44 व्होल्ट जातात, वाडीत उरतात 191. यात कोणी आकडा टाकलेला नाही, कोणी चोरी केलेली नाही, कुठला सांधा सैल नाही. सगळं नीट असतानाची ही गत.

आणि ते 29 व्होल्ट नुसते हरवत नाहीत. 29 गुणिले 20, म्हणजे 580 वॉट तार तापवण्यात जातात. नऊ वॉटचे साठाहून जास्त बल्ब त्यात पेटले असते. ही गळती वीज कंपनीच्या खात्यात पडते आणि शेवटी दरातून आपल्या सगळ्यांच्या बिलात येते. म्हणून वाडीचं व्होल्टेज सुधारणं हे वाडीवर उपकार करणं आहे, असं जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही.

उपाय जुनाच आहे: उच्चदाबाची लाईन वाडीजवळ न्यायची आणि लहान रोहित्र घरांच्या मधोमध बसवायचं. वर 20 अँपियर लागले तेवढ्याच कामाला 11 हजार व्होल्टच्या लाईनीवर अर्धा अँपियरही लागत नाही. अर्ध्या अँपियरला ते 800 मीटर जाणवतही नाहीत. न्यूझीलंडमध्ये लॉइड मँडेनो नावाच्या अभियंत्याने 1925 मध्ये हाच विचार टोकाला नेला. लांबलांबच्या मेंढपाळांच्या वस्त्यांपर्यंत त्यांनी उच्चदाबाची एकच तार नेली, परतीचा मार्ग जमिनीतून घेतला आणि प्रत्येक वस्तीवर स्वतंत्र छोटं रोहित्र दिलं. ऑस्ट्रेलियातही ही पद्धत पुढे फार पसरली. आपल्या राज्यात 2018 मध्ये शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली. एका रोहित्रावर एक किंवा दोन शेतकरी, अशी तिची रचना. ज्या शेतकऱ्याला असं रोहित्र मिळालं त्याची मोटर माझ्याकडे क्वचित येते. माझा धंदा तेवढा कमी झाला, आणि मला त्याचा आनंद आहे.

100 केव्हीएचा एक मोठा डीपी गावाच्या वेशीवर ठेवण्यापेक्षा 25 चे तीन-चार वाड्यांच्या मध्ये ठेवणं केव्हाही चांगलं. खर्च जास्त दिसतो तो बसवताना. नंतरच्या गळतीचा आणि जळणाऱ्या मोटरींचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

5. तीन फेज सारखे वाटा. याला पैसे लागत नाहीत

वरचाच हिशेब पुढे नेतो, कारण इतका मोठा लाभ इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही. ते 20 अँपियर एकाच फेजवर आहेत म्हणून 29 व्होल्ट पडले. तीच वाडी तीन फेजमध्ये सारखी वाटली तर प्रत्येक फेजवर जेमतेम सात अँपियर येतात आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परत येत नाही, कारण तिन्ही फेज एकमेकांना तोलतात. घट होते पाच व्होल्ट. 29 च्या जागी पाच! तार तीच, खांब तेच, डीपी तोच.

पण खांबावर नवी सर्व्हिस जोडताना हाताला जी तार जवळची ती धरली जाते. वर्षानुवर्षं असं होत गेलं की एका फेजवर सगळं गाव आणि दुसऱ्यावर चार घरं. एका वाडीत नळपाणी योजनेचा पंप दर उन्हाळ्यात जळायचा. पंप जळला की बायाबापड्यांना हंडे घेऊन ओढ्याच्या डबक्यापर्यंत उतरावं लागे. मोटर मी भरून देत होतो, दोन फेज जास्त काळे, एक कमी, दर वेळी तेच. टोंग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) घेऊन लाईनीचं काम करणाऱ्या तंत्रज्ञाबरोबर डीपीखाली उभा राहिलो तर एका फेजवर दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त करंट. त्या माणसाने वरिष्ठांना विचारून, लाईन बंद घेऊन, एका दुपारी सर्व्हिसा फिरवल्या. पुढच्या उन्हाळ्यात पंप चालला. वाडीतल्या एका मावशीने मला सांगितलं, “भाऊ, यंदा आमच्या पोरी मे महिन्यात हंडा न घेता झोपल्या.” त्या तंत्रज्ञाचं नाव कुठल्या फलकावर लागलं नाही. लागायला हवं होतं.

तीन फेजच्या मोटरीला व्होल्टेजमधली तफावत फार सोसत नाही. फेजमधला फरक साडेतीन टक्के झाला तरी मोटरीची तापमानवाढ सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होते. दोन फेजवर कपॅसिटर लावून तीन फेजची मोटर चालवायची जी युक्ती शेतावर चालते, ती याच कारणाने महागात पडते. स्वतःची मोटर भाजते आणि लाईनही एका बाजूला कलते.

6. न्यूट्रल आणि अर्थिंग

फेज तुटला तर लाईट जाते, लगेच कळतं. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर लाईट राहते आणि घरं जळतात. मग एका घरात 150 तर शेजारच्या घरात 350 असं होतं. ज्या घरात भार कमी तिथे व्होल्टेज चढतं. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात टीव्ही, फ्रीज, सेटटॉप बॉक्स एकदम गेले, तेही एका ओळीतल्या अनेक घरांत, तर न्यूट्रलवरच संशय घ्यावा. दिवे अचानक जास्त प्रखर झाले तर घरातला मेन स्विच आधी बंद करा, बाकी विचार नंतर.

डीपीचं अर्थिंग या न्यूट्रलचा आधार आहे. आमच्या डोंगराखाली वरचा मुरूम हातभर, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात अर्थिंग चांगलं दाखवतं, एप्रिल-मे मध्ये खड्डा कोरडा पडला की नावापुरतं उरतं. कोळसा-मिठाचा खड्डा नीट केला असेल आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतलं तर फरक पडतो. काही गावांतली तरुण पोरं हे काम आपणहून करतात, पण लाईनीच्या माणसाला सांगून आणि कुंपणाबाहेरच्या पाईपातूनच करतात, आणि तसंच करावं. अर्थिंगची पट्टी चोरून भंगारात विकणाऱ्याला मात्र गावाने सोडू नये. किलोभर लोखंडासाठी तो सगळ्या वाडीचा जीव धोक्यात घालतो.

इथेच एक गोष्ट हात जोडून सांगतो. डीपीवर स्वतः चढू नका, फ्यूज स्वतः घालू नका, काठीने तार हलवू नका. ओळखीतली तरणी माणसं यात गेलेली मी पाहिली आहेत. व्होल्टेज कमी आहे म्हणजे जीव घेण्याइतकं नाही, असं मुळीच नसतं.

7. स्टॅबिलायझर शेजाऱ्याचं व्होल्टेज घेतो

हे ऐकून लोक नाराज होतात, तरी बोलतो. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. 180 चे 220 करायला तो लाईनीतून जास्त करंट ओढतो. त्यामुळे तारेतली घट वाढते आणि पुढच्या घराचं 180 चं 175 होतं. तोही स्टॅबिलायझर आणतो. त्याच्या पुढच्याचं 168. एकाच पाइपावर पहिल्या घराने पंप लावला की शेवटच्या नळाला हवा येते, तसंच हे आहे. शेवटी ज्याला स्टॅबिलायझर परवडत नाही, त्याच्याच वाट्याला सगळी घट येते. आणि तो बहुधा शेवटच्या खांबावरचाच असतो, कारण गावात घर बांधायला शेवटची जागा गरिबालाच मिळते.

फ्रीज वाचवायला स्टॅबिलायझर घ्या, मी कोणाला अडवत नाही. पण सगळ्या गावाने मिळून स्टॅबिलायझरवर जेवढे पैसे घातले त्याची बेरीज एकदा ग्रामसभेत करा. वाडीजवळ लहान रोहित्र आणण्यासाठी जोर लावायला ती बेरीज पुरेशी ठरते.

8. कपॅसिटर लावा, ऑटो स्विच काढा

पाच अश्वशक्तीच्या पंपाला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की मोटरीचा लाईनीतला करंट आठ अँपियरवरून पावणेसातच्या आसपास येतो. तीन अश्वशक्तीला एक केव्हीएआर पुरतो. ज्या डीपीवर दहा-बारा पंप आहेत तिथे सगळ्यांनी कपॅसिटर बसवला तर शेवटच्या शेताला तो फरक डोळ्यांनी दिसतो. एकट्याने बसवून मात्र जाणवत नाही, म्हणून लोक तो काढून टाकतात. हे सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे.

ऑटो स्विचचं उलट आहे. लाईट आली की शेतावर न जाता मोटर सुरू व्हावी म्हणून तो लावतात. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून जाणाऱ्या माणसाची अडचण मला कळते. पण लाईट येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. व्होल्टेज इतकं खाली बसतं की एकही मोटर नीट उठत नाही, सगळ्या हुंकारत राहतात, आणि डीपीचा फ्यूज नाहीतर डीपीच जातो. अगदीच लागत असेल तर निदान टाइमर लावून प्रत्येकाने आपली वेळ दोन-दोन मिनिटांनी पुढे ठेवावी.

9. सांधे

हाताने पिळून बांधलेला ॲल्युमिनियमचा जंप दोन पावसाळ्यांत पांढरा पडतो. ॲल्युमिनियमला तांब्याची तार थेट गुंडाळली तर त्याहून लवकर. पीजी क्लॅम्प आणि योग्य लग घातले की प्रश्न मिटतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा जिल्ह्यात खांब आडवे झाले, आणि लाईनीच्या माणसांनी पावसात, कोरोनाच्या भीतीत, लोकांना लाईट परत दिली. त्या घाईत हाताने मारलेले सांधे ही त्या दिवसांची गरज होती. पुढे सवडीने ते बदलायला हवे होते, सगळीकडे ते झालं नाही. रात्री अंधारात खांबाकडे बघा. एखादा जोड लालसर दिसला किंवा ठिणगी टाकत असेल तर खांबाचा नंबर टिपून लगेच कळवा.

खाडीकडच्या गावांत खारं वारं तारेला आणि चिनी मातीच्या इन्सुलेटरला बसतं. पहिल्या धुक्यात किंवा रिमझिमीत त्यावरून तडतड आवाज येतो आणि लाईट फडफडते. पावसाळ्याआधी इन्सुलेटर पुसणं हाच त्यावर इलाज आहे.

10. छपरावरचं सौर: दुपारचं दुखणं वेगळं

हा धडा नवा आहे. लाईनीच्या टोकाला असलेल्या फार्महाऊसवर सौर पॅनेल बसले की दुपारी वीज उलट्या दिशेने वाहते आणि टोकाचं व्होल्टेज चढतं. डीपीच्या दुय्यम बाजूला भार नसताना मुळात 250 च्या आसपास व्होल्ट असतात (433 व्होल्टचं रोहित्र म्हणजे एका फेजला 250). त्यात सौरची भर पडली की 255-260 होतं, सौरचा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो आणि मालक म्हणतो पॅनेल खराब आहेत. पॅनेल चांगले असतात. ऑस्ट्रेलिया-जर्मनीत यासाठी व्होल्टेज बघून आपलं वागणं बदलणारे इन्व्हर्टर सक्तीचे केले आहेत. आपल्याकडेही इन्व्हर्टर घेताना ही सोय आहे का ते विचारा, आणि तीन फेजचा इन्व्हर्टर परवडत असेल तर तोच घ्या.

सौर मला फार आशेचं वाटतं. राज्यात 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिचं तत्त्वच असं की उपकेंद्राजवळ वीज तयार करून जवळच्या शेतीला द्यायची. पूर्वी याच्या उलट झालं होतं: 1915 साली डोंगरापलीकडे खोपोलीत टाटांच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. इथल्या वाड्यांना दिवा दिसायला त्यानंतर पिढ्या गेल्या. वाडीच्या छपरावर तयार झालेली वीज मात्र पहिल्यांदा वाडीतच वापरता येते. प्रश्न संध्याकाळचा आहे. सूर्य मावळतो आणि भार चढतो. नळपाण्याचा पंप, पिठाची गिरणी ही कामं दुपारी केली तर संध्याकाळची लाईन मोकळी होते. प्रबळमाचीसारख्या ठिकाणी, जिथे लाईन ओढत नेणं अवघड, तिथे पॅनेल आणि बॅटरी यांचा विचार आधी व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

11. तोंडी तक्रारीला वजन नसतं

“साहेब, आमच्याकडे व्होल्टेज नाही,” एवढं सांगून कोणाचं काम झालेलं मी पाहिलं नाही. आणि “संध्याकाळी 7 ते 10, सलग आठवडाभर, अमुक डीपीवरच्या शेवटच्या खांबावर 178 ते 190 व्होल्ट, सोबत पाच घरांचे आकडे आणि सह्या,” असा कागद दिल्यावर लाईन बघायला माणूस येतो, हे पाहिलं आहे. कारण त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. अभियंत्यालाही तोच कागद वर दाखवून रोहित्र मागता येतं. आपण त्याच्या विरुद्ध उभे नसतो, त्याच्या हातात पुरावा देत असतो.

2003 च्या वीज कायद्यात पुरवठ्याच्या दर्जाचे निकष ठरवून द्यायची तरतूद आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये काढलेल्या विनियमांत विजेच्या गुणवत्तेचा वेगळा समावेश आहे. आधी 1912 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, मग उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तरीही काही झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे वकील लागत नाही. मंचापर्यंत जायची वेळ फार कमी वेळा येते, कारण पोच असलेला कागद बहुतेकदा आधीच काम करतो.

मल्टीमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. गावात एक असला तरी पुरे, तो ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवावा. दहावीतल्या मुलाला दहा मिनिटांत शिकवता येतो. प्रोब इन्सुलेशन असलेल्या जागीच धरायचे आणि फक्त घरातल्या प्लगवर मोजायचं, एवढं त्याला बजावून सांगा.

तुमचं गाव लाईनीच्या टोकाला असेल तर आजच रात्री आठ वाजता स्वतःच्या घरातलं व्होल्टेज मोजा, तारीख घालून वहीत लिहा, आणि मग शेवटच्या खांबावरच्या घरी जाऊन तिथलंही लिहून आणा. आठवड्याने ती वही घेऊन उपविभागीय कार्यालयात जा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.